मंजुषाचं गाव कोणतं

नरोलीच्या चाळीत, भाड्याच्या एका खोलीत अभ्यास करून मंजुषा बारावी सायन्सला अशी काही पास झाली, की चाळीतल्या बायका भिमाबाईला नळावर आपणहून पुढे सोडू लागल्या. लेकीच्या मार्कांचा असाही उपयोग असतो बघा!

ही ब्याण्णव सालची गोष्ट. हवेलीच्या या छोट्या केंद्रशासित प्रदेशात तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेज नव्हतं, म्हणून इथल्या मुलांसाठी बाहेरच्या कॉलेजांत मोजक्या जागा राखलेल्या असत. अट एवढीच, की मूल इथलं रहिवासी हवं. महाराष्ट्रात मंजुषा एक दिवसही शाळेत गेलेली नव्हती, तेव्हा तिकडचं दार बंदच. इथली जागा मिळाली तर इंजिनिअर, नाहीतर शेजारच्या सायली गावातल्या कारखान्यात पॅकिंग.

तलाठी भास्करराव रहिवासी दाखल्याच्या चौकशीला आले, तेव्हा मंजुषा चहासाठी साखर आणायला शेजारी गेली होती. तिचा बाप झिपरू नुकताच कारखान्यातल्या पाळीवरून आलेला. भास्कररावांनी सहज विचारलं, "गाव कोणतं?"

आता खानदेशातून आलेल्या माणसाला हे विचारायचं म्हणजे झालंच की! शिंदखेड्याकडचं गाव, तिथली देवी, भावाची बाजरी, सगळं झिपरूने रंगवून सांगितलं. वर म्हणाला, "इथं काय साहेब, पोटापुरतं. पाव्हणेच आपण."

मंजुषा दारात पोचली तेव्हा भास्करराव 'तात्पुरता मुक्काम' असं लिहून उठत होते. चहाही घेतला नाही त्यांनी.

"अण्णा, काय करून ठेवलंस तू!"

"मी काय खोटं बोलनू?" झिपरू गोंधळला.

भिमाबाई चुलीपाशी कडाडली, "पाव्हना वीस वरीस राहस का कधी?"

दुसऱ्या दिवशी मंजुषा बापाला घेऊन मामलेदार कचेरीत गेली. वाटेत तिने त्याच्याकडून एकच घोकून घेतलं : "आपण इथले, एवढंच सांग." झिपरूचा मात्र बापाचं नाव बदलायला सांगावं, तसा चेहरा.

मामलेदार साहेब हसले. "काल पाहुणे, आज रहिवासी? रातोरात?"

"साहेब, माझं गाव तिकडंच," झिपरू म्हणाला. "ते मी नाही बदलणार."

मंजुषाने डोळे मिटले. संपलं.

"पण हिचं गाव हेच. इथल्या दवाखान्यात जन्मली, इथल्या शाळेत शिकली. तिकडं नेली तर दोन दिवसांत रडते, घरी चला म्हणते. घरी म्हणजे नरोलीला, साहेब. मी लई समजावलं, ऐकतच नाही."

साहेबांनी भास्कररावांकडे पाहिलं. "मुलीच्या जन्माची नोंद काढा. आपल्याला दाखला मुलीला द्यायचाय, बापाला नाही."

नोंद निघाली, दाखला झाला, अर्ज वेळेत गेला. महिन्याभराने कचेरीच्या भिंतीवर यादी लागली. सुरतेला, इलेक्ट्रिकलला, मंजुषाचं नाव. झिपरूने नावावर बोट ठेवलं आणि शेजारी उभ्या असलेल्या परक्या माणसाला, त्याने काही विचारायच्या आतच, सांगून टाकलं, "ही नरोलीची आपली पोर."