फागुनातलं फूल

पोस्टकार्ड आलं तेव्हा मी तिसरीच्या वर्गाकडून तेराचा पाढा म्हणवून घेत होते. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे कोणीतरी गेलं हे वाचायच्या आधीच कळलं. कोण, एवढंच पाहायचं राहिलं होतं. भागाकाकी गेली... मी कार्ड पिशवीत ठेवलं आणि पाढा शेवटपर्यंत म्हणवून घेतला. याला आता महिना होत आला. रडू अजून आलेलं नाही. येईल येईल म्हणून वाट पाहिली, आता तीही सोडली आहे.

भागाकाकी माझ्या नात्याची नव्हती. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात तिचं घर आमच्या घराला लागून. धानाच्या चार बांध्या, म्हणजे खाचरं, दोन बैल, तोंडाने फटकळ. पण गावात कुणाचंही लग्न निघालं की फुलं काकीची, हे ठरलेलं. आठ दिवस आधी ती नवरीला एकटीला गाठायची आणि विचारायची, कोणतं फूल पाहिजे? मग त्या महिन्यात रानात आणि परसात काय फुललंय ते सांगायची. मार्गशीर्ष असेल तर शेवंती, वैशाख असेल तर मोगरा, कुडा, बहावा. पोरी मान खाली घालून म्हणायच्या, तुमाले आवडन ते. हे उत्तर तिला चालत नसे. पोर फुलाचं नाव घेईपर्यंत ती जागची हलायची नाही, मग घरी चूल थंड पडली तरी बेहत्तर. आम्हाला नवरा कोणी विचारून ठरवत नसे, तिथी नाही, लुगड्याचा रंगही नाही. विचारलं जायचं ते एवढं एकच.

तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. मी चांद्याला मामाकडे राहून शिकत होते, मॅट्रिकला एकच वर्ष उरलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तर लग्न ठरलेलं. सिंदेवाहीकडचं स्थळ, मुलगा जंगलखात्यात कारकून, नाव ठेवायला जागा नाही. लग्न झालं की शाळा सुटली, हे कोणी बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती. काकी आली, शेजारी बसली आणि तिने नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, पळस. वैशाखात! पळस शिमग्याबरोबर संपतो हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

"त्याले वास नाई, धाग्यात टिकत नाई," काकी म्हणाली. "काऊन पायजे तुले?"

"मले तेच पायजे."

ती पदर खोचून थेट ओसरीवर गेली. तिथे देण्याघेण्याचं बोलायला नवऱ्या मुलाची आई आलेली होती. मी दाराआड उभी.

"भाऊ," ती माझ्या वडलांना म्हणाली, "पोरीनं फागुनातलं फूल मांगलं हाय. मी वैशाखात कुठून आनू?"

वडील आधी हसले, मग चिडले. फुलासाठी लग्न थांबतं काय, म्हणाले. काकी त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. तिने सरळ त्या बाईंकडे तोंड वळवलं आणि सांगून टाकलं की पोरीची मॅट्रिकची परीक्षाही फागुनातच आहे. बाई सुपारी कातरत होत्या. त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि विचारलं, "पास होशीन काय?" मी म्हटलं, होईन. "मंग लगन फागुनातच होऊ द्या," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुपारी कातरू लागल्या. इतकं सोपं होतं ते... पण तोवर कोणी बोललंच नव्हतं.

परीक्षा संपल्यावर चौथ्या दिवशी माझं लग्न लागलं. शिमगा होऊन गेलेला, रंगासाठी पोरांनी गावाभोवतीचे पळस ओरबाडून नेलेले. काकी पहाटे निघाली आणि नदीपलीकडे कुठे एक उशिरा फुललेलं झाड होतं तिथून सूपभर फुलं घेऊन उन्हाची परतली. सुपावर ओलं फडकं, पायात काटे. दुहेरी दोऱ्याने देठं शिवून तिने मुंडावळ्या केल्या, तरी अंतरपाट दूर होईपर्यंत अर्ध्या पाकळ्या माझ्या ओटीत गळून पडल्या होत्या. नवरीला पानगळ लागली, असं आमचे हे अजून मला चिडवतात. मी पास झाले. बल्लारपूरच्या शाळेत आज उभी आहे ती त्या फुलामुळे. हे मी काकीला कधी सांगितलं नाही. तिला माहीत असेल, असं धरून चालले.

तेराव्याला गावी गेले. तिच्या सुनेने फुलं घालायला परडी पुढे केली आणि मला विचारलं, "सासूबाईले कोनतं फूल आवडे, बाई?" तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला ठाऊक असेल, असं तिला वाटलं असावं. मला ठाऊक नव्हतं. ओसरीवर गावातल्या दहाबारा जणी होत्या, सगळ्यांच्या मुंडावळ्या काकीच्या हातच्या. एक म्हणाली, मला कुडा होता. दुसरी म्हणाली, मला शेवंती. काकीचं फूल एकीलाही सांगता येईना. कार्तिक महिना, परसात झेंडू होता, तोच घातला.

निघताना आत डोकावले. ते सूप खुंटीला होतं आणि त्यावरचं फडकं वाळून कडक झालेलं. मी सूप खाली काढलं. फडकं रांजणातल्या पाण्यात भिजवलं, पिळलं आणि ती पसरायची तसं सुपावर पसरलं. खाली एकही फूल नव्हतं.