मामा, मोती आणि कल्याणचे डॉक्टर

सबंध डोंबिवलीत माझ्या थोरल्या मामांइतके प्रश्न विचारणारा माणूस झाला नाही, आणि हे मी अभिमानाने सांगतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते तयार माल तपासायला होते. घरी आल्यावरही तपासणी थांबत नसे. माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी सप्तपदी थांबवून भटजींना एका मंत्राचा अर्थ विचारला. भटजींना तो सांगता येईना, तेव्हा म्हणाले, "सावकाश आठवा, आम्ही थांबतो." रस्त्यावरून घरी आलेल्या मोती नावाच्या कुत्र्याला ते अहो-जाहो करत. "कुत्र्यांच्या वयाने ते माझ्याहून मोठे आहेत," हे त्यांचं कारण.

नव्वद सालच्या आसपास मोतीच्या गळ्याखाली गाठी आल्या. कल्याणच्या डॉक्टरांकडे रिक्षाने नेलं तेव्हा मी सोबत होतो. तपासणीत कॅन्सर निघाला. डॉक्टर हळुवारपणे म्हणाले, "बघू या, औषधं देऊ." दुसरा कोणी मान डोलावून उठला असता. मामांनी खुर्ची पुढे ओढली.

"पूर्ण बरे होतील का, ते आधी सांगा."

"नाही."

"मग औषधाने काय होईल?"

"गाठी उतरतील, काही महिने चांगले जातील. किती, ते आज सांगता येणार नाही."

"आणि त्यांना सोसवेनासं झालंय, हे मी कशावरून ओळखायचं?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे मला कुणी विचारत नाही," म्हणाले. मग त्यांनी नीट समजावलं: खाणं बघा, चालणं बघा, तुम्ही आलात की उठतो का बघा. वाईट दिवस जास्त व्हायला लागले की या.

मामांनी घरी येऊन मामींना सगळं खरं सांगितलं आणि एक वही केली. रोज संध्याकाळी शेरा: पास किंवा नापास. शेजारी हसायचे. मोतीने त्यांच्यातल्याच एकाची चप्पल पळवून कुरतडली, त्या दिवशी वहीत 'उत्तम पास' पडलं. असे सात महिने गेले. मग एका आठवड्यात पाच वेळा नापास आलं, तेव्हा मामांनी स्वतः मोतीला उचलून कल्याणला नेलं आणि शेवटचं इंजेक्शन देऊन होईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून बसले.

पुढे ते डॉक्टर अशा आजारी कुत्र्यांच्या माणसांना मामांकडे पाठवू लागले. अंबरनाथहून, ठाण्याहून लोक यायचे. मामा त्यांना डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगत, वही दाखवत. लोक गेल्यावर मात्र वही लगेच मिटत नसत. 'उत्तम पास'चं पान उघडं ठेवून बसत, आणि मामी शेजारी येऊन बसत.