तिसऱ्या सिलिंडरचा प्लग

गल्लीत त्याला सगळे भट्टी म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलेलं होतं. गिऱ्हाइकाने "अजून किती वेळ लागेल?" असं दुसऱ्यांदा विचारलं, की हातातली पक्कड भिरभिरत भिंतीवर आदळायची. गॅरेजची ती भिंत देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखी दिसे. एकदा तर एका ट्रकवाल्याला त्याने शटरखाली अर्धा आत, अर्धा बाहेर असा दाबून धरला होता. पुढे त्याच ट्रकवाल्याची बायको बाळंतपणात अडली, तेव्हा न बोलावता गाडी घेऊन दारात हजर झाला तोही भट्टीच. माणूस असा होता. त्याचा प्रवेश झाला, की आधी सगळे दोन पावलं मागे सरत आणि मग त्याच्याकडे बघत.

आग त्याची स्वतःची नव्हती, बापाकडून आलेली होती. बाबांची एक जुनी काळी गाडी होती, गोल पाठीची, चार सिलिंडरची. ती भाड्याने फिरवून त्यांनी संसार केला आणि त्याच गाडीवर दोन्ही पोरांना काम शिकवलं. शिकवलं म्हणजे बडवलं. चुकीचा पाना हातात दिला, तर तोच पाना बोटांच्या पेरांवर बसायचा. गाडीचा तिसरा सिलिंडर तेल वर फेकायचा. तेलाने प्लगच्या टोकावर काजळी धरायची आणि ठिणगी मरायची. म्हणून बाबा बाकी तिघांना साधे प्लग लावत आणि तिसऱ्याला मात्र गरम प्लग. त्याचं चिनी मातीचं नाक लांब असतं, तो उष्णता स्वतःपाशी धरून ठेवतो आणि आपली काजळी आपणच जाळून टाकतो. धाकट्याने एकदा, अजाणत्या वयात, चारही प्लग सारखे लावले. गाडी भर चढावर गिऱ्हाइकासकट बंद पडली. त्या दिवशी बाबांनी चाकाच्या पान्याने त्याची करंगळी मोडली. ती पुढे वाकडीच राहिली. "तिसऱ्याला गरम" हे त्या घरात असं शिकवलं गेलं.

आईला डाव्या कानाने ऐकू येत नसे. ते कधीपासून, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी विचारत नसे.

बाबा गेले. भावाभावांनी गॅरेज चालवलं, आणि एके दिवशी भट्टीने धाकट्याला असा काही तुडवला, की तो हत्यारांची पेटी उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच्या हाताखाली कामाला गेला. आई भट्टीकडे राहिली, गॅरेजमागच्या खोलीत. तेव्हा ती एकच वाक्य बोलली, "या घरात पुन्हा कुणाचा हात उठला, तर मी ताईकडे जाईन आणि परत यायची नाही."

ताई म्हणजे या दोघा भावांची थोरली बहीण, वर टेकडीवर राहणारी.

भट्टीने त्यावर खूप दिवस निभावलं. पक्कड उडायची, पण भिंतीवर. मग आईला खूश करावं म्हणून त्याने बाबांच्या गाडीचं इंजिन उतरवलं आणि धाकट्याला निरोप धाडला. धाकटा आला. दोघांनी मिळून इंजिन पार उघडलं. नव्या लायनर, नव्या रिंगा, नवे पिस्टन. तिसरा सिलिंडर आता थेंबभर तेल वर येऊ देत नव्हता. कामात दोघांचे हात असे जुळले, की बघत राहावं. मागायच्या आधी पाना हातात.

राहिले फक्त प्लग.

भट्टीने डबीतून तीन साधे काढले आणि चौथा गरम.

"दादा, हा कशाला?" धाकटा म्हणाला.

"तिसऱ्याला."

"अरे, तिसऱ्यात आता तेल कुठंय? जाळायला काजळीच नाही. चढावर हा नुसता लालबुंद होईल, ठिणगीच्या आधी पेट्रोल पेटवेल आणि पिस्टन जाळेल. चारही सारखे लाव."

"बाबांनी जन्मभर गरम लावला."

"बाबांचा सिलिंडर गळका होता."

"बाबांना काढू नकोस मध्ये."

"मी कुठं काढतोय? तूच त्यांना त्या भोकात बसवतोयस!"

एवढं पुरे झालं. भट्टीचा ठोसा धाकट्याच्या तोंडावर बसला आणि डबीतले प्लग फरशीवर घरंगळत गेले. धाकटाही आता पोर राहिला नव्हता. त्याने डोक्याने भट्टीच्या छातीत धडक दिली. दोघे बाकावर, बाकावरून ऑइलच्या तसराळ्यात, तिथून जमिनीवर. भट्टीने त्याला मानेला धरून उठवलं आणि तोंड बाकावरच्या शिकंज्याच्या दांड्यावर आपटलं. दात तुटल्याचा आवाज झाला. तो बारीकसाच असतो, पण ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. धाकट्याने रक्ताची पिंक टाकली आणि हातात सापडला तो हातोडा भट्टीच्या गुडघ्यावर घातला. मग दोघे काळ्या तेलात धापा टाकत पडून राहिले आणि दोघांनी एकाच वेळी मागच्या दाराकडे पाहिलं.

आई आली नाही. दुपारची वेळ होती आणि ती उजव्या कुशीवर, चांगला कान उशीत घालून झोपली होती.

"आईला काय सांगायचं?" धाकट्याने सुजल्या तोंडाने विचारलं.

"बॉनेट लागलं म्हण."

"आणि तुझा गुडघा?"

"तेच बॉनेट."

धाकट्याला हसू आलं आणि ओठ फाटला. भट्टी लंगडत उठला, फरशीवरचा गरम प्लग शोधून फडक्याने पुसला आणि तिसऱ्यात आवळून बसवला. धाकट्याने मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी आईला मागच्या सीटवर बसवून तिघे ताईकडे जेवायला निघाले. आईने दोघांची तोंडं निरखली आणि म्हणाली, "बॉनेट फारच जोरात पडलं." मांडीवरची पिशवी मात्र तिने घट्ट धरली. जेवायला जाताना कुणी कपड्यांची पिशवी घेत नाही, पण हे भट्टीच्या ध्यानात आलं नाही.

सपाटीवर इंजिन गात होतं. टेकडी लागली. भट्टीने दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. आधी आतून कुणी टिचकी मारावी तसा टकटक आवाज आला.

"पाय काढ," धाकटा म्हणाला.

भट्टीने आणखी दाबला. टकटकीची खडखड झाली, मग लोखंडाच्या पोटात कुणी घण घालतंय असा दणका. गाडीने आचका दिला, मागून निळ्या धुराचा लोट उठला आणि गाडी चढावरच बसली.

भट्टी खाली उतरला. धाकटाही उतरला आणि तेवढंच बोलला, जे बोलायला नको होतं. "सांगितलं होतं तुला."

सीटखालचा चाकाचा पाना भट्टीच्या हातात कधी आला, ते त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा तो डोक्यावर उचललेला होता, आणि धाकट्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले होते. तोंडावर मिशा असलेला बाप्या, पण हात पोरासारखे. वाकडी करंगळी सगळ्यात वर.

दार उघडून आई बाहेर आली.

"मार," ती म्हणाली. "थांबलास का? ते कधी थांबायचे नाहीत."

भट्टीने पाना खाली आणला तो बॉनेटवर. पत्रा आत गेला, दिव्याची काच उडून रस्त्यावर पसरली. दुसरा घाव, तिसरा. मग त्याने पाना टाकून दिला.

आईने पिशवी काखेत मारली. "हात उठला," ती म्हणाली आणि चढ चालू लागली. म्हातारी हळू चालत होती, पण वळून पाहत नव्हती. धाकटा तिच्यामागे धावला.

भट्टीने बॉनेट उचकटून तिसरा प्लग काढला. फडकं घ्यायचंही त्याला सुचलं नाही. तळहाताची कातडी चर्रकन भाजली, तरी त्याने प्लग सोडला नाही. टोक वितळून गेलं होतं, चिनी मातीचं नाक तुटून आत पडलं होतं. प्लगने काही चूक केली नव्हती. उष्णता धरून ठेवायला सांगितली होती, त्याने धरली.

तळहात भरून यायला वेळ लागला, धाकट्याने दार उघडायला त्याहून जास्त. भट्टी त्याच्या दारात उभा राही आणि तो आतून म्हणे, "घरात नाही." एकदा शेवटी दार उघडून म्हणाला, "लंगड्या, आत ये, लोक बघतायत."

पुन्हा इंजिन उतरलं, पुन्हा पिस्टन बसला. प्लग आणायला भट्टी स्वतः गेला. दुकानदार सवयीने म्हणाला, "तिसऱ्याला गरम ना?"

"चारही सारखे," भट्टी म्हणाला. हे म्हणताना त्याने मागे वळून पाहिलं, जणू कुणी पाना घेऊन उभं आहे.

गाडी टेकडी चढून ताईच्या फाटकाशी आली, न कुरकुरता. आई बाहेर आली. भट्टीला वाटलं होतं, पाया पडावं, काही बोलावं. त्याने मनात भाषण पाठ केलं होतं. पण आई म्हणाली, "तिसरा काढून दाखव."

ज्या बाईने बाबांचे काजळलेले प्लग वर्षानुवर्षं चुलीवर चिमट्यात धरून भाजले होते, तिला काय सांगावं! तिने तो फडक्यात घेतला, उन्हात फिरवून पाहिला. टोक बिस्किटाच्या रंगाचं होतं. ना काजळीने काळं, ना जळून पांढरं.

"हा बरोबर आहे," ती म्हणाली. मग बॉनेटकडे पाहिलं. "हा खड्डा का नाही काढलास?"

"म्हटलं, राहू दे. मला आठवण राहील."

"तुला आठवण हवी म्हणून मी तो बघत बसू? काढून टाक."

"काढतो. आई, सामान आणू का तुझं?"

धाकटा उगाचच टायर दाबून पाहू लागला.

"सामान इथंच राहू दे," ती म्हणाली. "एक चक्कर मार, खालपर्यंत आणि परत. आणि मला पुढे बसव, तुझ्या बाजूला. मागे मला इंजिन नीट ऐकू येत नाही."

भट्टीने प्लग बसवला, हातानेच आधी फिरवून, मग पान्याने हलकेच आवळून. धाकटा मागे बसला. आई पुढे बसली, चांगला कान त्याच्याकडे करून, आणि भट्टीने उताराच्या तोंडाशी गाडी अगदी हळू सोडली.