पृथ्वीला तेल कोण घालतं?

देवपुरात पंखे-मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडे मी शाळेचं सूर्यमालेचं मॉडेल नेलं होतं. हँडल फिरवलं की बाकीचे ग्रह फिरत, पृथ्वी तेवढी करकरत अडकायची. सोबत काम करणारा भाऊ वारल्यापासून चाचा दुकानात एकटेच बसत. त्याचं रिकामं स्टूल मात्र रोज पुसत. पृथ्वीचा दांडा साफ करता करता त्यांनी विचारलं, "सर, खरी पृथ्वी इतला वरीसपाईन फिरी ऱ्हायनी, तिले तेल कोन टाकस?"

"तिला तेल लागत नाही, चाचा. भोवती नुसती पोकळी. घासायला काहीच नाही."

त्यांचा हात थांबला. "घासाले बी कोनी नही? मंग एकलीच शे बिचारी."

त्यांनी दांड्यावर तेलाचा एक थेंब जास्तच सोडला.

आता वर्गात 'पोकळी' शिकवताना मला ते पुसलेलं स्टूल दिसतं.