मोतीराम गुरुजींची रेडिओची परीक्षा

१९६३ साली अकोल्यातल्या आमच्या शाळेत हुकूम आला. ज्याला स्वतः रेडिओ लावून पाठ घेता येईल, त्याच शिक्षकाला यापुढे मुख्याध्यापकपदाची बढती द्यायची. पोरांवरही कधी आवाज न चढवणाऱ्या मोतीराम गुरुजींची नोकरीची दोनच वर्षं उरली होती. ही शेवटची संधी होती. पण शाळेचा रेडिओ हेडमास्तर बापूसाहेबांच्या कपाटात कुलपात असे.

"हात नका लावू, गुर्जी. बिघडला तं जबाब मले द्या लागते," ते म्हणत.

गुरुजींनी मग पाटीवर रेडिओची बटणं काढली आणि माहितीपुस्तिका पाठ केली.

तपासणीचे साहेब परीक्षा घ्यायला आले, त्या दिवशी रेडिओ कपाटाबाहेर निघाला. गुरुजींनी बटण बरोबर फिरवलं. आवाज आला नाही. आपल्या हातून सरकारी वस्तू बिघडली, या धास्तीने त्यांनी रेडिओ लगेच बंद केला. साहेबांनी त्यांच्या नावापुढे 'अपात्र' लिहिलं.

व्हरांड्यात बापूसाहेब हळूच म्हणाले, "आतले काचेचे दिवे तापल्यावरच आवाज येते, गुर्जी. थांबा लागते, अर्धा मिनिट."

"मंग आधी काहून नाई सांगतलं, बापूसाहेब?"

बापूसाहेब रेडिओ कपाटात ठेवायला आत गेले. गुरुजींनी चष्मा पुसला, आणि घंटा झाली म्हणून ते चौथीच्या वर्गावर गेले. त्याच वर्गावरून ते निवृत्त झाले.