एका रिंगचा फोन

आईचा फोन उचलायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा होता. एकच रिंग वाजायची आणि कट व्हायची. म्हणजे सगळे घराबाहेर आहेत आणि सगळे बरे आहेत. चुकून उचललाच तर आई वैतागायची, "बोलायला लावतेस कशाला गं? अजून बाकीच्यांना लावायचाय ना!"

तलासरीकडे आमचा पाडा. तिथं जमीन हादरते याचं आता कोणाला नवल राहिलेलं नाही. आधी खालून आवाज येतो, जड ट्रक गेल्यासारखा, मग भांडी खडखडतात. हादरा बसला की पाड्यातले सगळे एकदम फोन लावायला घेतात आणि कोणाचाच धड लागत नाही. म्हणून आईनं ही एका रिंगची युक्ती काढली. आधी डहाणूला हॉस्टेलवर मला, मग मावशीला, मग मामाला.

त्या दिवाळीच्या सुट्टीत हादरे वाढले. आम्ही अंगणात मांडव घातला आणि तिथंच झोपू लागलो. जुनं कुडाचं घर होतं तेव्हा एवढी भीती नव्हती. काठ्या आणि मातीची भिंत ती, पडली तर अंग झटकून उठायचं. आता घर पक्कं झालं होतं, विटांचं आणि स्लॅबचं. त्यातला स्वयंपाकाचा ओटा म्हणजे आईचा जीव की प्राण. चुलीपाशी वाकून जन्म गेला तिचा. आता कुठं उभ्यानं भाकरी करायला मिळत होती, ती सोडून अंगणात पुन्हा तीन दगड मांडायचे? नावच नको! रात्री मांडवात झोपायची आणि पहाटे उठून चहा ठेवायला आत जायची.

कॉलेजला परत निघताना मी तिच्याशी कडाकडा भांडले. "त्या ओट्यापायी मरायचंय का तुला?"

ती माझ्या पिशवीत वालाच्या शेंगा कोंबत होती. "अगं, चहाला असा कितीसा वेळ लागतो? तू तुझं कॉलेज बघ."

बाबांकडे बघितलं तर ते म्हणाले, "तिच्यापुढं माझं कधी चाललंय?"

दुसऱ्या दिवशी नवीन सत्र सुरू होणार होतं. पहाटे हॉस्टेलमध्ये नळापाशी बादल्यांची रांग लागली होती. कोणी घरच्या चकल्या वाटत होतं, कोणी पहिल्या लेक्चरला कुठली ओढणी घालायची म्हणून अख्खी खोली डोक्यावर घेतली होती. शेजारच्या चिकूच्या वाडीत अजून अंधारच होता. लोक मागाहून सांगतात, त्या दिवशी कुत्री रडत होती, कावळे गप्प होते. मला असल्या बोलण्याचा संताप येतो. काहीही रडत नव्हतं. छान थंडी होती आणि मला भूक लागली होती.

माझ्या बादलीतलं पाणी आपोआप हललं. मग तो आवाज आला.

आम्ही सगळ्या अंगणात धावलो. मुंबईहून आलेली एक नवीन मुलगी ओरडतच सुटली. उंबरगावकडची एक जण काय झालं म्हणून जिला तिला गुजरातीत विचारत होती, "शुं थयुं? शुं थयुं?" आम्ही इकडच्या पोरी मात्र गप्प उभ्या, हातात फोन. आईची युक्ती एव्हाना आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी उचलली होती.

"अरे, बोला ना कोणीतरी!" ती मुंबईची रडकुंडीला आली.

माझ्या खोलीतल्या कैनाड गावच्या मैत्रिणीचा फोन एकदा वाजला आणि कट झाला. ती मटकन पायरीवर बसली आणि हसायला लागली. मग दुसरीचा वाजला, तिसरीचा वाजला. ज्यांचे वाजले त्या पुन्हा चकल्यांवर आल्या. माझा गप्पच.

"तुझी आई आधी मावशीला लावत असेल," मैत्रीण म्हणाली.

"मला लावते आधी," मी खेकसले. ही आईची चहाची वेळ होती. देवा, आज तिला उशिरा उठव, असं मी मनातल्या मनात घोकत होते.

आणि फोन वाजला. वर नाव आईचंच. माझा जीव असा भांड्यात पडला की मी मोठ्यानं बोलले, "थांब, घरी येते तेव्हा बघतेच तुझ्याकडे!"

एक रिंग झाली. मी कट व्हायची वाट बघत होते.

दुसरी रिंग वाजली. मग तिसरी.

"कट कर ना गं आई," मी म्हणाले. "कट कर."

फोन वाजतच राहिला. मैत्रीण पायरीवरून उठून माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "उचल."

पलीकडे बाबा होते. त्यांच्यामागं माणसांची आरडाओरड आणि विटा बाजूला फेकल्याचे आवाज.

"पोरी, एकटी निघू नको," ते म्हणाले. "कोणाला तरी सोबत घेऊन ये."

"आई कुठंय?"

"चहा ठेवला होता तिनं," बाबा म्हणाले.