पेडल न लावता विकलेला ॲम्प

अन्याय झाला तो सभांमध्ये गाणाऱ्या आमच्या पथकातल्या गिटारवाल्यावर, गेल्या तान्ह्या पोळ्याच्या दुपारी, वर्ध्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात. मी शेजारीच उभा होतो.

त्याला जुन्या धाटणीचा, काचेच्या ट्यूबांचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, हवा होता. गिटारचा आवाज बदलणारी त्याची पेडलं पिशवीत होती. "भाऊ, हे लावून पाहू द्या," तो म्हणाला.

"ट्यूब असल्यावर पेडल काऊन पायजे?" असं म्हणत दुकानदारानं आवाज पार शेवटपर्यंत नेला. शोकेसची काच थरथरली. आमच्या पोरांना सभेच्या भोंग्याची सवय, जितका मोठा तितका चांगला. गिटारवाल्याचा जुना ॲम्प बदल्यात देऊन, हा घेऊन आम्ही अल्लीपूरला आमच्या गावी परतलो.

गावात पेडल जोडलं आणि सुरांचा चिखल झाला. हा ॲम्प थोडा वाढवला की त्याचा आवाज आपोआपच फाटतो, आणि पेडलला तर स्वच्छ आवाज लागतो. तो मिळतो अगदी हळू वाजवल्यावर, पण मग ढोलकीपुढे गिटार ऐकूच येत नाही.

ॲम्प परत द्यायला वर्ध्याला गेलो, तर "वाजवलेला माल वापस होत नाई," दुकानदार म्हणाला. आमचा जुना ॲम्प तोवर तो विकून मोकळा.

गिटारवाला आता पथकात टाळ्या वाजवतो. "जाऊ दे ना बे, कोण ऐकून राह्यलं," म्हणतो. लिहून काही बदलेल असं मलाही वाटत नाही. तरी तुम्ही ऐका: स्वतःची पेडलं लावून, ढोलकीसोबत वाजवून पाहिल्याशिवाय जुना ॲम्प हातातून सोडू नका.